वरच्या मजल्याच्या सळ्या

नोएमी आयकिपाच्या हाताला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. रेघ सरळ, कापणी धारदार, आणि दोन पुठ्ठे जोडले की सांधा कुठे आहे ते शोधावं लागायचं. नावं ठेवली जायची ती डोक्याला. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत तिनं पाच मोठी कामं केली होती: बसथांबा, पाच माणसांचं घर, मासळीबाजार, दवाखाना आणि आता शेवटच्या वर्षाचं, टेकडीवरच्या वस्तीसाठी वाचनालय. दर वेळी ज्युरीतली मंडळी मॉडेलभोवती फेरी मारायची, हनुवटी खाजवायची आणि फिरून फिरून तेच विचारायची, "छान आहे, नीटनेटकं आहे. पण यात तू कुठे आहेस?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते तिला पाच वर्षांत उमगलं नव्हतं. बसथांब्यात ती कुठे असणार? बसची वाट बघत उभी असणार, दुसरं काय! पहिल्या वर्षी ती हे बोलूनही गेली होती. सगळे हसले आणि वीसपैकी अकरा मिळाले. तेव्हापासून ती गप्प राहायला शिकली.

वाचनालयाच्या सबमिशनआधी तीन दिवस ती टेबलाला चिकटून होती. टेबल म्हणजे घरातलं जेवणाचंच. तिची आई एर्लिंदा सगळ्यांच्या मांडीवर ताटल्या देत म्हणायची, "या वाचनालयात आपल्याला जेवायला तरी बसू देतील का गं?" चौथ्या दिवशी सकाळी शेवटचा खांब चिकटवून नोएमीनं कपाळ टेबलाला टेकवलं ते तासभर उठलीच नाही. जाग आली तेव्हा बाप कामावर गेलेला होता, आणि आईनं मॉडेलवर धुतलेली चादर टाकून चारी बाजूंनी गाठी मारून ठेवल्या होत्या. लिमा शहराच्या टोकाला असलेल्या कोमासच्या चढावरून कॉलेज दोन तासांवर. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि गाठोडं उचलून पळाली. बसमध्ये एका जाडजूड बाईनं आपली कोंबडी पायाशी घेऊन तिला जागा करून दिली आणि मोठ्या आपुलकीनं विचारलं, "केक का?"

ज्युरीच्या खोलीत तिनं गाठी सोडल्या आणि चादर उचलली. वाचनालयाच्या छतावर सळ्या उभ्या होत्या.

बारा खांब, दर खांबावर चार. अठ्ठेचाळीस तारा, बोटाच्या पेराएवढ्या, सगळ्या एका उंचीच्या, आणि दर चौकडीला मधोमध बारीक तारेची कडी बांधलेली. छत सपाट दिसावं म्हणून तिनं तीन आठवडे डोकेफोड केली होती. आता ते छत कोमासमधल्या कुठल्याही घराच्या छतासारखं दिसत होतं. तिच्या वस्तीत घर पुरं झालं असं कुणी म्हणतच नाही. एक मजला झाला की खांबांच्या सळ्या हातभर वर सोडतात, गंजू नयेत म्हणून टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घालतात, आणि मध्ये दोरी बांधून कपडे वाळत टाकतात. मुलगा मोठा होईल, सून येईल, मग वरचा मजला चढेल. नोएमी अशाच सळ्यांमध्ये लपाछपी खेळली होती. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तिनं त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

हे कुणाचं काम आहे ते विचारायची गरज नव्हती. त्या चढावरची निम्मी घरं तिच्या बापानं, फोर्तुनातो मिस्त्रीनं बांधली होती. तिनं एक सळी चिमटीत धरून ओढून पाहिली. निघाली नाही. फोर्तुनातोनं लावलेली गोष्ट निघत नसते. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

तीन जणांची ज्युरी होती आणि मधे आर्की लेर्कारी. उंच, पांढरे केस, बारा महिने काळे कपडे. मुलं आपल्या सगळ्याच शिक्षकांना आर्की म्हणत, पण लेर्कारींना म्हणताना आवाज जरा खाली यायचा. त्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग गुडघे वाकवून डोळे छताच्या पातळीला आणले. नोएमीनं मनातल्या मनात अकराची तयारी केली.

"ही मुलगी मुकी आहे असं कोण म्हणत होतं?" लेर्कारी उठून उभे राहत म्हणाले. "हिनं पाच वर्षं आपल्याला फसवलं. बघा हे! सरकारी इमारत, आणि ती कबूल करते आहे की मी पुरी झालेली नाही. तोरा नाही, कोनशिला नाही. पुढचं पुढचे लोक बघतील म्हणते. या शहराचं अख्खं म्हणणं बारा खांबांत आलं." बाकीचे दोघे लगेच माना डोलवायला लागले. मोठ्या माणसानं मान हलवली की लहानांच्या माना आपोआप हलतात. "कधी सुचलं हे तुला?"

नोएमीला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं कुठून सुरू करावं ते कळेना. "आज सकाळी, आर्की," ती म्हणाली.

तिघंही खळखळून हसले. "असंच सुचतं!" लेर्कारी म्हणाले. "शेवटच्या सकाळी!"

अठरा मिळाले. वीस देवाला, एकोणीस मास्तरला, हे शाळेपासून ऐकलेलं. म्हणजे माणसाला मिळू शकतात तेवढे सगळे मिळाले. वर लेर्कारींनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की या वर्षी वाल्पाराइसोला पाठवायच्या जागेसाठी तिनं फाइल द्यायचीच. एक वर्ष चिलेत, तिथल्या विद्यापीठात, सगळा खर्च त्यांचा. दर वर्षी एकच जण जातो. फाइलमध्ये पाचही कामं लावायची, आणि शेवटी एक पान, 'माझी सर्जनशील पार्श्वभूमी'. शनिवारी पाचच्या आत.

खोलीबाहेर आल्मेंद्रा उभी होती. आल्मेंद्रा तिची मैत्रीण, सुर्कोच्या बागबगीच्याच्या भागात राहणारी, आणि त्याच जागेवर डोळा ठेवून असलेली. तिनं नोएमीला मिठी मारली. "छुपी रुस्तम आहेस! मला एका शब्दानं बोलली नाहीस!"

"मलाच माहीत नव्हतं," नोएमी म्हणाली. तेही आल्मेंद्राला विनोदच वाटला. त्या दिवशी ती जे खरं बोलली त्याला लोक हसले.

संध्याकाळी फोर्तुनातो घरी आला, हातपाय धुतले आणि सुपाची वाटी घेऊन बसला. नोएमी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पापा, तुम्ही माझ्या मॉडेलला हात लावलात?"

"बघ, मी सांगत होते!" आई चुलीकडून म्हणाली. "म्हटलं, पोरीच्या वस्तूला हात लावू नका. तर म्हणे, तिनं खांब तोडलेत."

फोर्तुनातोनं चमचा खाली ठेवला. "तोडलेच होते. सकाळी ओटची पेज पीत होतो, नजर गेली. म्हटलं, दमलीय बिचारी, सळ्या सोडायच्या राहिल्या. पिशवीत बांधायची तार होती. तुझाच गोंद वापरला." मग जरा घाबरून, "का? मास्तर रागावले?"

"नाही. अठरा दिले."

"मग!" त्यानं पुन्हा चमचा उचलला. "सळ्या सोडल्या म्हणून आजवर कोण रागावलंय?"

"पण पापा, ते वाचनालय आहे. वर मजला नाहीये त्याला."

"आज नाहीये. पोरं वाढणार नाहीत? वस्ती काय आहे तेवढीच राहणार? उद्या पोरं वाढली की बसवणार कुठे, तुझ्या डोक्यावर?" तो सूप फुंकत म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला होता. लिहिताना आपण अक्षरावर टिंब द्यायला विसरलो आणि कुणी देऊन टाकलं, इतकीच ती गोष्ट होती. त्यात कल्पना कसली आणि कबुली कसली! आणि कॉलेजात तीन शहाणी माणसं त्याच टिंबाभोवती अर्धा तास फेऱ्या मारत होती. नोएमीला दोघांचंही पटत होतं आणि त्यामुळेच तिचं डोकं भणाणून गेलं.

पुढचे तीन दिवस ती त्या एका पानाशी झगडत होती. सर्जनशील पार्श्वभूमी म्हणजे काय ते तिला कुणी धड सांगेना. आल्मेंद्राचं पान तयार होतं. आजोबांचा कॅमेरा, लहानपणीचा पियानो, कुस्कोला गेले असताना पाहिलेली इंकांची दगडी भिंत आणि त्या भिंतीसमोर आलेलं रडू. नोएमीनं आईला विचारलं, "माझ्या लहानपणी मी काही वेगळं करायची का गं? म्हणजे चित्रं वगैरे?"

"रडायचीस," एर्लिंदा म्हणाली. "आणि माती खायचीस. बापाच्या वाळूच्या ढिगात बसून."

"अगं, चांगलं काहीतरी सांग."

"वाळू चांगलीच होती. नदीची होती."

ती पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. आपल्या पाच कामांची पानं तिनं एकापुढे एक मांडली आणि लेर्कारींच्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला. मासळीबाजारातली ओट्यांची उंची तिनं आईला ओट्यापाशी उभं करून मोजली होती, म्हणजे ती आईची. दवाखान्याचा जिना आल्मेंद्रानं सुचवलेला. घराचं अंगण कुठल्याशा मासिकातलं. बसथांबा तेवढा तिचा एकटीचा होता, आणि त्याला अकरा मिळाले होते. ती जितकं शोधत गेली तितकी स्वतःच्या कामातून स्वतःच हद्दपार होत गेली.

गुरुवारी तिच्यानं राहवेना. ती लेर्कारींच्या खोलीत गेली आणि दारातच म्हणाली, "आर्की, त्या सळ्या मी लावल्या नाहीत. माझ्या वडिलांनी लावल्या. मी झोपले होते. ते मिस्त्री आहेत."

लेर्कारींनी चष्मा काढला. रागावतील, अठराचे आठ करतील, असं तिला वाटलं. झालं भलतंच. ते हसले.

"बस," ते म्हणाले. "मी आयुष्यात एकही वीट रचलेली नाही. माझ्या इमारती ज्यांनी रचल्या त्यांची नावं मला माहीत नाहीत. दारावर नाव माझं आहे. ही चोरी आहे का?"

"माहीत नाही, आर्की."

"मला माहीत आहे. नाही. तुझ्या वडिलांनी सवयीनं सळ्या सोडल्या. ते असे हजार खांबांवर सोडत असतील. तू त्याला अर्थ दिलास."

"अर्थ तुम्ही दिलात," ती म्हणाली. "मी तर सळी उपटून काढत होते."

लेर्कारी पुन्हा हसायला गेले आणि मधेच थांबले. खिडकीबाहेर लिमाचं ते नेहमीचं ओलं, राखाडी आभाळ होतं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग समजुतीच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, समितीत पाच जण आहेत. त्यांचा नियम साधा आहे: काम संपूर्ण स्वतःचं पाहिजे, तशी खाली सही करायची. या कामाचा जीव त्या सळ्यांत आहे. जीवच दुसऱ्याचा असं तू लिहिलंस तर ते फाइल बाजूला ठेवतील आणि मला काही बोलता येणार नाही. तुझे वडील येऊन भांडणार आहेत का? वडिलांचं ते मुलीचं. लिही आणि सही कर."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. नोएमी बाहेर पडली तेव्हा आत जाताना होती त्याच्या दुप्पट गोंधळलेली होती. सळ्या बापाच्या, अर्थ लेर्कारींचा, मग तिचं काय? पुठ्ठा?

शुक्रवारी तिनं पान लिहिलं. लिहायला बसल्यावर ते भराभर उतरलं, याचंच तिला नवल वाटलं. 'माझ्या वस्तीतली घरं मी लहानपणापासून पाहत आले. अपुरेपण हीच तिथली पूर्णता आहे हे मला जाणवलं. वाचनालयाच्या छतावर सळ्या सोडायची कल्पना मला त्यातून सुचली.' वाचायला ते सुंदर होतं. शनिवारी सकाळी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानात छापून घेतलं. सहीची जागा खाली रिकामी होती. पेन तीनदा टेकवलं, तीनदा उचललं. हातानं साथ दिली नाही, ज्या हाताला कुणी कधी नावं ठेवली नव्हती त्या हातानं.

मग तिला वाटलं, विचारूनच टाकावं. मालक हो म्हणाला की चोरी राहत नाही.

फोर्तुनातो त्या दिवशी दोमितिलाबाईंच्या घराचा स्लॅब टाकत होता. कोमासमध्ये स्लॅबचा दिवस म्हणजे घरचं कार्यच. गल्ली अडवून मिक्सर लावलेला. गल्लीतले तरणेताठे खांद्यावर माल भरलेले डबे घेऊन फळीवरून वर धावत होते आणि रिकामे डबे घेऊन खाली येत होते. अंगणात बाया भल्या मोठ्या पातेल्यात कारापुल्क्रा, म्हणजे सुकवलेल्या बटाट्यांचा रस्सा, ढवळत होत्या. एक बाटली आणि एकच ग्लास सगळ्यांमधून फिरत होता. प्यायचं, उरलेला फेस जमिनीवर झटकायचा, ग्लास पुढच्याला द्यायचा. स्लॅबचा मानकरी म्हणून दोमितिलाबाईंचा दीर कोट घालून आला होता, आणि कोटावर सिमेंटचा पहिला शिंतोडा केव्हाच पडला होता.

"पापा!" नोएमी खालून ओरडली. मिक्सरच्या घरघरीत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. शेवटी विल्बर म्हणून बापाचा जुना गडी होता, त्यानं वर जाऊन निरोप दिला. फोर्तुनातो फळीवरून खाली आला, कोपरापर्यंत सिमेंट, टोपीवरही सिमेंट.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मला एक विचारायचंय. ते चिलेचं सांगितलं होतं ना..."

"चिलेला चाललीस?" विल्बर मधेच तोंड घालत म्हणाला. "पोरी, त्यांनी आपली पिस्को दारू पळवली, आता तुला पळवणार! मिस्त्री, जाऊ देऊ नका. परत देत नाहीत ते."

"तू डबा उचल," फोर्तुनातो म्हणाला. "बोल गं."

नोएमीला ओरडूनच बोलावं लागलं. अशी नाजूक गोष्ट अशी ओरडून विचारायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. "पापा, त्या सळ्या! माझ्या म्हणून लिहिल्या तर चालेल का?"

"काय?"

"सळ्या! मॉडेलवरच्या! मला सुचल्या असं लिहिलं तर?"

फोर्तुनातो तिच्याकडे बघतच राहिला. तिला वाटलं, दुखावला. पण त्याला प्रश्नच कळला नव्हता. "मग कुणाच्या?" तो म्हणाला. "सळ्या काय माणूस स्वतःसाठी सोडतो? वरचा मजला पोरांचाच असतो. तुझ्याच त्या." आणि तो वर जायला वळलाही.

मिळाली होती परवानगी. आता सही करायची, बस धरायची, पाचच्या आत फाइल टेबलावर. पण बापाच्या पाठीकडे बघताना तिला भयंकर वाईट वाटलं. इतक्या सहज द्यायला नको होतं यानं. थोडं भांडला असता, थोडं मोल मागितलं असतं, तरी घेतलेलं अंगी लागलं असतं.

आणि नेमका तेव्हा मिक्सरमधला पेट्रोलचा शेवटचा थेंब संपला. घरघर थांबली. गल्लीत एकदम इतकं शांत झालं की पातेल्यातला डाव ऐकू यायला लागला. विल्बर पेट्रोल आणायला पळाला. बाकीचे डबे खाली ठेवून उभे राहिले.

"काय लिहिलंयस?" फोर्तुनातो फळीवरूनच म्हणाला. "वाच बघू. पेट्रोल येईपर्यंत बसूनच आहोत."

"नंतर, पापा."

"वाच गं वाच," दोमितिलाबाई पातेल्याजवळून म्हणाल्या. "आमच्या गल्लीतून कुणी काही लिहिलंय, ऐकू तरी दे."

वीसएक माणसं तिच्याकडे बघत होती. नोएमीनं पान काढलं आणि वाचायला लागली. घरं, वस्ती, लहानपण. अपुरेपण हीच पूर्णता हे आलं तेव्हा कोटवाल्या मानकऱ्यानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "म्हणजे?" आणि शेजारी म्हणाला, "म्हणजे पैसे संपले." हशा पिकला. नोएमीही हसली, आणि हसता हसता पुढच्या ओळीवर आली. 'सळ्या सोडायची कल्पना मला' इतकं डोळ्यांना दिसत होतं. समोर फळीवर बाप उभा होता, टोपी काढून हातात धरलेली, चर्चमध्ये प्रार्थनेला उभा राहावा तसा.

"वाचनालयाच्या छतावरच्या सळ्या," ती म्हणाली, आणि आपण काय बोलतोय हे तिला बोलल्यावर कळलं, "माझे वडील फोर्तुनातो आयकिपा यांनी लावल्या. ते मिस्त्री आहेत. मी झोपले होते. त्या का हव्यात हे मला त्यांनी सांगितलं."

पानावर यातलं एक अक्षर नव्हतं.

टाळ्या पडल्या. कुणीतरी शीळ घातली. पेट्रोल घेऊन परतलेला विल्बर ओरडला, "मिस्त्री, चला, बॅग भरा! चिलेला आता तुम्हालाच नेणार!" ग्लास भरून फोर्तुनातोच्या हातात दिला गेला. त्यानं तो घेतला, पण प्यायला नाही. तो हळूहळू फळी उतरून खाली आला आणि नोएमीजवळ येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "ताइपे राहिलं."

"काय?"

"फोर्तुनातो आयकिपा ताइपे. आईचं आडनाव राहिलं. तसं नाव नाही घातलंस तरी चालतं म्हणा. पण घातलंच आहेस तर पुरतं घाल. आयकिपा या चढावर पुष्कळ आहेत. कुणी म्हणेल, असेल दुसरा कुणी." त्यानं मान पुढे केली. "कुठे आहे? दाखव."

नोएमीनं पान छातीशी धरलं. "सिमेंट लागेल, पापा."

"हात मागे ठेवतो."

"ताइपे घालते आणि मग दाखवते," ती म्हणाली.

विटांच्या चवडीवर ती पाठ करून बसली. छापलेली ओळ तिनं एका रेघेत खोडली. रेघ सरळच आली. वरच्या मोकळ्या जागेत तिनं बारीक अक्षरात, तोंडानं वाचलं होतं तसंच्या तसं लिहिलं, आणि नाव लिहिलं, पुरतं. समिती काय करणार ते तिला लेर्कारींनी सांगून ठेवलं होतं. वाल्पाराइसोला आल्मेंद्रा जाणार, पियानो आणि भिंतीसकट. आपण शहाणपणा केला की गाढवपणा, हे तिला त्या क्षणीही कळत नव्हतं. रडू येत होतं, आणि ते कशाचं हेही कळत नव्हतं. खाली तिनं सही केली. या वेळी हात अडला नाही.

मग तिनं पान त्याच्यासमोर धरलं. बारीक पाऊस भुरभुरत होता. फोर्तुनातोनं एका हातानं टोपी पानावर आडवी धरली आणि दुसरा हात खरंच पाठीमागे ठेवला. तो सावकाश, ओठ हलवत वाचत गेला. आपल्या नावापाशी आला तसा थांबला आणि तिथेच राहिला. तीस वर्षांत त्यानं शंभरावर घरं उभी केली होती, पण त्याचं नाव कुठल्याच दारावर नव्हतं. खोडलेल्या ओळीकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

"मोठी माणसं वाचतील हे?" त्यानं विचारलं.

"वाचतील, पापा."

"पाचही जण?"

"पाचही जण."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. "जा मग. बस चुकेल."

ती उतारावरून निघाली तेव्हा मिक्सर पुन्हा सुरू झाला होता. डबे वर चढायला लागले होते. फळीच्या तोंडाशी फोर्तुनातो उभा होता आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला मिक्सरवर आवाज चढवून सांगत होता, "दोन्ही आडनावं घातलीत. दोन्ही!"